क्लब की लॉज? आधी खजिनदाराला भेटा

प्रश्न थोडक्यात असा. कोपरीचे एक गृहस्थ बँकेतून नुकतेच निवृत्त झालेत, सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. ठाण्यातल्या एका सेवाभावी क्लबाने त्यांना सभासद व्हायला बोलावलंय. वाशीचा जुना मित्र म्हणतो, क्लब कसला, फ्रीमेसन हो, म्हणजे बंद दाराआड भरणाऱ्या त्या जुन्या बंधुमंडळाचा सभासद हो. वर्षाला पंचवीस हजार रुपये आणि आठवड्याचे चार-पाच तास द्यायची त्यांची तयारी आहे. घरून मात्र बायकोचा शेरा आलाय: "हार घाला, जेवा, फोटो काढा. लष्करच्या भाकऱ्या भाजायच्याच आहेत तर निदान भाकऱ्या तरी भाजा." तर खरंच काम होतं का, पैसा जातो कुठे, आणि दोघांपैकी निवडायचं काय?

वहिनींचं निम्मं बरोबर आहे. मी ठाण्यातल्या एका क्लबात चोवीस वर्षं आहे आणि त्यातली बरीचशी खजिनदार म्हणून काढली. अध्यक्ष मी एकदाच झालो, तेही कुणी तयार नव्हतं म्हणून. तेव्हा हे जे लिहितोय ते वहीच्या बाजूने लिहितोय, व्यासपीठाच्या नाही.

आधी लॉजचं, म्हणजे फ्रीमेसनांच्या शाखेचं सांगतो, कारण त्याबद्दल लोकांच्या डोक्यात उगाच धुकं असतं. फोर्टातल्या फ्रीमेसन्स हॉलवरून जाताना आमच्या आधीची पिढी आवाज खाली करायची. अशा इमारतींना हिंदुस्थानात 'जादूघर' म्हणायची पद्धतच होती. मुंबईत हे प्रकरण जुनं आहे. 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज १८४३ साली निघालं ते एतद्देशीयांना प्रवेश मिळावा म्हणूनच. आजची ग्रँड लॉज ऑफ इंडिया २४ नोव्हेंबर १९६१ ला स्थापन झाली. आत गीता, कुराण, बायबल शेजारी शेजारी ठेवलेली असतात, ईश्वरावर श्रद्धा असावी लागते, आणि लॉजमध्ये राजकारण व धर्म यांवर वाद घालायला मनाई असते. (ही एक अट आमच्या क्लबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपला लावता आली तर मी आणखी चोवीस वर्षं राहीन.) बायकांना प्रवेश नाही, म्हणजे वहिनींना घेऊन जाण्याचा प्रश्न मिटला.

देण्याच्या बाबतीत लॉजचं एक वैशिष्ट्य आहे. तिथे दानाची पिशवी आपसातच फिरते. बैठकीत प्रत्येक जण तीत हात घालतो. कुणी किती टाकले ते शेजाऱ्याला कळत नाही. त्यातून आधी आपल्या बंधूची आजारी बायको, गेलेल्या सभासदाची विधवा, त्यांची मुलं. मग बाहेरचं जग. वाशीच्या तुमच्या मित्रासारखे एक मेसन गृहस्थ आमच्याबरोबर एका डायलिसिस पेशंटचा खर्च अडीच वर्षं वाटून घेत होते. लॉजने दिलेला धनादेश आला की ते मला एवढंच म्हणायचे, "नाव घालू नका." मी घातलं नाही, आणि आमच्या त्या वर्षीच्या अध्यक्षांना ते फार जड गेलं. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, हे तिथे खरंच पाळलं जातं. पण त्याची दुसरी बाजू अशी की बाहेरच्या माणसाला हिशोब विचारायची सोय नाही, आणि शहरातल्या माणसाला मदत मागायला दारही सापडत नाही.

क्लबाचं उलट. दार रस्त्यावर, पाटी मोठी. रोटरी काय, लायन्स काय, इनरव्हील, जायंट्स काय, घडण थोडीफार सारखी. रोटरी २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस आणि तीन मित्रांनी सुरू केली, ती खरं तर ओळखीपाळखी वाढाव्यात म्हणून. सेवा मागून आली, आणि पहिलं सार्वजनिक काम होतं १९०७ साली शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह. मुलींच्या शाळेत संडास बांधायचा ठराव आला की आमच्याकडे कुणीतरी नाक मुरडतंच, "काहीतरी दिसणारं घेऊ या." तेव्हा मी ही गोष्ट सांगतो. लायन्स १९१७ची, मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाची. १९२५ साली हेलन केलर त्यांच्या अधिवेशनात जाऊन म्हणाल्या, अंधांसाठी तुम्ही योद्धे व्हा. तेव्हापासून डोळे हे त्यांचं काम झालं. जायंट्स आपल्या मुंबईचीच, नाना चुडासमांनी १९७२ मध्ये काढलेली.

आता काम होतं का? होतं. पोलिओ घ्या. रोटरीने १९८५ मध्ये तो विषय हातात घेतला आणि सोडला नाही. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याचा, आणि २७ मार्च २०१४ ला आपला सगळा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. ठाणे स्टेशनच्या पुलावर थंडाव्याची पेटी घेऊन रविवारी आम्ही उभे राहायचो. लोकल पकडायच्या घाईतल्या आईला थांबवून पोराचं तोंड उघडायला लावणं ही एक कला आहे. सरकारी यंत्रणेचं काम अर्थातच शंभरपट मोठं होतं. आमचा वाटा एवढाच की पंचवीस-तीस वर्षं तोच विषय, त्याच पुलावर.

नेमकी हीच चिकाटी स्थानिक कामात गळते, आणि त्याचं कारण कुणाचं पाप नाही, कॅलेंडर आहे. क्लबाचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, ३० जूनला संपतं. अध्यक्ष एका वर्षाचा. इन्स्टॉलेशनची, म्हणजे पदग्रहणाची शाल अंगावर असतानाच त्याला स्वतःचा 'सिग्नेचर प्रोजेक्ट' हवा असतो. गेल्या वर्षीच्या माणसाचं काम पुढे चालवण्यात कसली सही? जुलै-ऑगस्ट सत्कारात जातात, दिवाळीपर्यंत घोषणा, जानेवारीत काम, मार्चमध्ये जिल्ह्याचे (म्हणजे अनेक क्लबांच्या गटाचे) पदाधिकारी भेटीला येणार म्हणून सफाई, मे महिन्यात अहवाल. जूनमध्ये पुढचा अध्यक्ष नवा केक कापतो.

याचा दाखला आमच्याच घरचा देतो. शहापूर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत आम्ही पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं. मोठा कार्यक्रम झाला, मुलांनी लेझीम केलं, पाटीवर सोळा नावं कोरली, माझंही त्यात. दोन वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी तिकडून जाताना मी आत डोकावलो. यंत्रावर धुतलेली चादर घातलेली होती, वर बिस्किटांचे रिकामे डबे आणि गेल्या वर्षीचं कालनिर्णय. फिल्टरची कांडी सहा महिन्यांत बदलायची असते हे शाळेला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्याचे पैसे कुठल्या खात्यावर टाकायचे हा प्रश्न होताच. बाई चांगल्या होत्या. संकोचून म्हणाल्या, "पाटी मात्र आम्ही दर पंधरा ऑगस्टला पुसतो हो." मुलं विहिरीचंच पाणी पीत होती. खजिनदार मीच होतो, आणि अंदाजपत्रकात देखभालीची ओळ मीच घातली नव्हती.

त्या दिवसानंतर मी एक नियम धरला: यंत्र, संगणक, ई-लर्निंग संच, काहीही असो, किमतीचा तिसरा हिस्सा पुढच्या तीन वर्षांसाठी बाजूला काढल्याशिवाय धनादेशावर सही नाही. भांडणं झाली. एका अध्यक्षाने तर मला 'स्पीडब्रेकर' हे नाव पाडलं. चालतं.

अंतराचाही एक घोळ आहे. ठाण्याच्या क्लबांना येऊरचे आदिवासी पाडे फार प्रिय. गावदेवीहून निघालं की अर्ध्या तासात पाड्यावर, दुपारी जेवायला घरी. परिणाम काय होतो? एका दिवाळीत आम्ही फराळ घेऊन पोचलो तर आमच्या आधी दोन गाड्या उभ्या. एका पोराने पिशवीत वाकून पाहिलं आणि विचारलं, "तुमचं पण सोनपापडीच का?" आणि शहापूर-मुरबाडच्या आतल्या पाड्यांवर, जिथे एसटी दिवसातून दोनदा येते, तिथे कुणी नाही. शहापूर म्हणजे तो तालुका ज्याच्या उशाला भातसा आहे, तानसा आहे, वैतरणा आहे; तुमचं-आमचं आंघोळीचं पाणी ज्या भागातून येतं तिथल्या गावांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते. नवी मुंबईतही हेच. वाशी-नेरुळच्या क्लबांना बेलापूर पट्टीतल्या कारखान्यांचा सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यासाठी काढलेला पैसा बऱ्यापैकी मिळतो, पण बॅनर दिसेल अशा जागी तो आधी जातो. दिघ्याच्या चढावरच्या वस्तीत नंतर. सीएसआरवर क्लबाचा बॅनर लागला की मला आयजीच्या जिवावर बायजी उदार आठवते. पैसा त्यांचा असला तर असू दे. मग निदान घाम तरी आपला हवा.

आता पैशाबद्दल, कारण तुम्ही बँकेतले आहात आणि तुम्हाला हेच खरं विचारायचं होतं.

चांगल्या क्लबात दोन खाती असतात. एक प्रशासनाचं: वर्गणी, जेवणं, हॉल, बुलेटिन, वरच्या संस्थेचा हिस्सा. दुसरं सेवेचं. लायन्सचा नियम तर अगदी स्पष्ट आहे: लोकांकडून जमवलेला पैसा, कार्यक्रमाचा थेट खर्च वजा जाता, लोकांसाठीच वापरायचा; क्लबाचं घर सभासदांच्या वर्गणीवर चालवायचं. म्हणजे नाटकाचा प्रयोग लावून तिकिटं विकलीत तर गडकरी रंगायतनचं भाडं त्यातून जाईल, पण अध्यक्षांच्या कोटाचं शिलाईबिल नाही. तुम्ही पहिल्याच भेटीत खजिनदाराला विचारा, "दोन पासबुकं दाखवता का?" तो हसून दाखवेल तर बसा. "अहो, सगळं एकच कुटुंब आहे" असं म्हणाला तर चहा पिऊन निघा.

सेवेच्या खात्यातला काही पैसा वर जातो. रोटरी फाउंडेशनला दिलेल्या वार्षिक निधीचा एक भाग तीन वर्षांनी जिल्ह्याकडे परत येतो आणि त्यातून प्रकल्प होतात. मोठं ग्लोबल ग्रँट हवं तर प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा लागतो आणि परदेशातला भागीदार क्लब लागतो. डायलिसिस मशीन, रक्तपेढीची उपकरणं यांसारख्या कामांना हा मार्ग उत्तम. त्याच्याबरोबर १,००० डॉलरला मिळणारी पॉल हॅरिस फेलोची पिनही येते. लायन्सकडे तेवढ्यालाच मेल्विन जोन्स. पिन लावणाऱ्याला मी हसत नाही, त्याने पैसे दिलेले असतात. पण नव्या सभासदावर पहिल्याच वर्षी त्यासाठी दबाव येत असेल तर नम्रपणे नाही म्हणा. तुमचे पंचवीस हजार तिथेच संपतील.

आता ऐंशी-जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत. क्लबाला दिलेली वर्गणी ही देणगी नव्हे, तिला सवलत नाही. बहुतेक जुन्या क्लबांचा शेजारी एक धर्मादाय ट्रस्ट असतो, पावती त्या ट्रस्टची हवी, आणि ती रोखीत दोन हजारांच्या वर गेली की सवलत गेली. ट्रस्टने वर्षाअखेरीचं विवरण भरून तुम्हाला १०-बीई प्रमाणपत्र दिलं पाहिजे. नुसती छापील पावती आता पुरत नाही. आणि तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर हा सगळा परिच्छेद विसरा, तिथे ही वजावट नाहीच. पूर आला, भूकंप झाला की उत्साहाने दानाचे डबे घेऊन जांभळी नाक्यावर उभे राहणारे असतात. असा निधी जमवायला धर्मादाय कार्यालयाची कलम ४१-क खालची परवानगी लागते हे गणेशोत्सव मंडळांना पाठ असतं, क्लबांना नसतं.

हार, शाली, मोमेंटो यांवर एक वाक्य: एका वर्षी मी सहज या तीन ओळींची बेरीज केली, ती त्या वर्षीच्या चष्मेवाटपाच्या खर्चापेक्षा जास्त निघाली. बैठकीत वाचून दाखवली. पुढच्या महिन्यात पुष्पगुच्छाऐवजी तुळशीचं रोप आलं, आणि रोपाचं बिल गुच्छापेक्षा मोठं होतं.

मग चांगलं काम कसं ओळखायचं? दोन-तीन प्रकार जवळून सांगतो.

रक्तदान शिबिर. सगळे क्लब १ जुलैला घेतात, १५ ऑगस्टला घेतात, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला घेतात. रक्ताच्या लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५. एकाच आठवड्यात शहरात दहा शिबिरं झाली की पिशव्या जास्त होतात, आणि मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, तेव्हा थॅलेसेमियाच्या पोराची आई रक्तपेढीच्या बाकावर बसून फोन लावत असते. त्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्यांना सुट्टी नसते. म्हणून विचारा, "तुमचं शिबिर मे महिन्यात असतं का? दिवाळीच्या आठवड्यात असतं का?" पन्नास पिशव्यांचं मे महिन्यातलं शिबिर मला ऑगस्टमधल्या दोनशेपेक्षा मोलाचं वाटतं.

मोतीबिंदू. आता शाळेच्या वर्गात ऑपरेशनं होत नाहीत. गावात तपासणी करायची आणि पेशंटला रुग्णालयात आणायचं. क्लब आकडा सांगतात तो ऑपरेशनचा. मी विचारतो नंतरचा: महिन्याने किती जण तपासायला आले? मुरबाडकडच्या एका आजीला आम्ही आणलं. रात्रभर तिचं एकच, "मला सोडा, शेळी व्यायला आलीय." ऑपरेशन उत्तम झालं. घरी जाताना दोन बाटल्या दिल्या, एक दिवसातून चार वेळा, एक दोन वेळा. वाचता येत नव्हतं, घरात दुसरं कोणी नव्हतं. आमच्यातल्या एका बाईंनी, त्या तेव्हा सभासदही नव्हत्या, पर्समधला दोरा काढून एका बाटलीला चार गाठी मारल्या, दुसरीला दोन. "जितक्या गाठी तितक्यांदा." महिन्याने आजी आली तेव्हा डोळा स्वच्छ होता आणि दोरा कळकट. त्या वर्षापासून आमच्या शिबिराच्या सामानात दोऱ्याचं रीळ असतं. खर्च दहा रुपये, अहवालात कुठेही नाही.

तिसरं काम असं की ज्यात पैसा लागतच नाही, म्हणूनच ते कुणी घेत नाही. धर्मादाय नोंदणी असलेल्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. बंधनकारक आहे. पण जव्हारहून, मोखाड्याहून कळव्याच्या रुग्णालयात आलेल्या आणि तिथून पुढे पाठवलेल्या माणसाला हे माहीत कुठून असणार? रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत आजार बसतो का हे बघणं, समाजसेवा अधीक्षकासमोर न घाबरता बसणं, यात त्याचा आठवडा जातो आणि तोवर त्याने मंगळसूत्र गहाण टाकलेलं असतं. बँकेत तीस वर्षं कागद पाहिलेला माणूस हे काम दोन तासांत करतो. तुमचे चार तास इथे लागले तर तुमच्या पंचवीस हजारांपेक्षा कितीतरी जास्त रक्कम हलेल. आमच्याकडे एक निवृत्त तलाठी हे करतात. व्यासपीठावर त्यांना आम्ही कधी बोलावलं नाही, ही आमची चूक. ते आलेही नसते, ही त्यांची.

तर निवड. तुम्हाला स्वतःशी काही काम करायचं असेल, विधी, शिस्त, मोजक्या माणसांची आयुष्यभराची सोबत आणि गुपचूप देणं आवडत असेल, तर मित्राबरोबर फोर्टात जा. दर वेळी ठाण्याहून लोकल धरायची तयारी ठेवा. हातापायाचं काम हवं असेल तर क्लब. पण लगेच अर्ज भरू नका. पाहुणा म्हणून तीन वेळा जा: एक साधी बैठक, एक संचालक मंडळाची बैठक, आणि एक प्रकल्प, ज्याला प्रमुख पाहुणा नाही. तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. तिथे कोण येतं, किती वाजता येतं, आणि फोटो झाल्यावर किती उरतात ते मोजा. आणि 'फेलोशिप' हा शब्द ऐकलात तर बावरू नका, आमच्यात त्याचा अर्थ बहुतेक वेळा ग्लास असा होतो.

वहिनींनाही विचारा. आता बायका सभासद असतात, १९८९ पासून रोटरीत अधिकृतपणे, लायन्समध्ये त्याच्याही दोन वर्षं आधीपासून. जो माणूस "भाकऱ्या तरी भाजा" म्हणतो तो आम्हाला हवाच असतो.

प्रमुख पाहुणा नसलेला एक प्रकल्प मी सुचवतो. पाऊस ओसरला की शहापूरकडच्या एका ओढ्यावर आम्ही वनराई बंधारा घालतो. दिवाळीच्या आगेमागे, वाहतं पाणी आहे तोवर. उशीर झाला की अडवायला काही उरत नाही. रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत माती-वाळू भरायची, पाऊणच, तोंड शिवायचं, आणि विटांसारखी सांधा मोडत रचायची. गावची पन्नास माणसं, आमची पंधरा, चारशे-पाचशे पोती, एक दिवस. फेब्रुवारीपर्यंत पाणी टिकतं, वरच्या बाजूची विहीर धरून राहते आणि काठाने वाल, हरभरा, काकडी निघते. पुढच्या पावसात बंधारा वाहून जातो, म्हणून त्यावर पाटी लावता येत नाही. सलग नऊ वर्षं तोच ओढा आहे. अध्यक्ष बदलतात, गावाला नवा कोण ते माहीतही नसतं.

पहाटेची कसारा लोकल धरून आसनगावला उतरायचं, तिथून पुढे गावचा टेम्पो असतो. जुने बूट घाला. आणि तुमच्या सोसायटीत प्लास्टरचं काम चालू असेल, ठाण्यात कुठे ना कुठे चालूच असतं, तर ठेकेदाराला सांगून रिकामी पोती ठेवून घ्या. फाटकी नकोत, आणि ओली करू देऊ नका. आत उरलेलं सिमेंट धरलं की पोतं दगड होतं.